भाऊबीजेचा तो फोटो

प्रिय आत्ती,

आज सकाळी तुमच्या लेकीनं, म्हणजे आमच्या वन्संनी, घरच्या ग्रुपवर मागच्या भाऊबीजेचा फोटो टाकला. तुम्ही खुर्चीत, अंगावर नवी साडी, शेजारी त्या. खाली लिहिलंय, 'आईची सेवा हातून घडली, हेच भाग्य.' वाचून फोन पालथा ठेवला आणि हे लिहायला बसले. तुमच्याशिवाय सांगू कुणाला?

आठवतंय ना? त्या पुण्याहून दुपारी आल्या. अर्धांगानं तुम्ही अंथरुणाला खिळल्यापासून दिवाळीला तेवढ्या यायच्या. साडी गुंडाळून तुम्हाला बसवलं आणि तेवढ्यात तुम्हाला जुलाब झाले. मी उठवायला गेले तर म्हणाल्या, "दोन मिन्टं दम काढ की सुनीता. फोटो झाला की बदल."

मी खुर्ची आत ओढून नेली. बाहेर नाकाला पदर लावून त्या भावाला सांगत होत्या, "बायको लई चढलीया तुझी." तुमचा मुलगा? चकली खात होता.

धुऊन-पुसून तुम्हाला परत आणलं, तेव्हा फोटो निघाला. त्यात तुम्ही हसताय. वाकड्या ओठानं का होईना, पण हसताय. मला कधी दिलंत ते हसू? माझ्या हातचं औषध तेवढं थुंकायचात.

त्यांनी भरवलेली करंजी संध्याकाळी उलटून पडली. तोवर त्या निघून गेल्या होत्या. मी तुमची मान पुसत होते आणि तुम्ही अडखळत विचारलंत, "पोचली का गं ती?"

तेव्हा किळस आली मला. घाणीची नाही, आत्ती, ती अंगवळणी पडली होती. तुमच्या त्या मायेची आली. तरी चमच्यानं पाणी पाजलंच. तुम्ही गेलात तेव्हा सुटले असं वाटलं, आणि दिवसभर रडलेही. यातलं खरं कुठलं? दोन्ही असेल. मी आता स्वतःशी वाद घालत नाही.

मघाशी तुमच्या मुलाला सांगितलं, "यंदा भाऊबीजेला मी माहेरी जाणार, मुरगूडला."

"आणि अक्का येणार हाय ती?"

"भाऊ तुम्ही हाय की. तुम्हीच वाढा."

माहेरी माझी आईही आता अंथरुणावरच असते. तिचं सगळं माझी भावजय करते. तिथं मीसुद्धा सणापुरती येणारी लेकच की! म्हणून तुम्हाला शब्द देते. गेल्या गेल्या भावजयीला तिच्या माहेरी धाडीन. ती म्हणेल, "पावण्या तुम्ही, बसा की."

मी बसणार नाही.

तुमची सून,
सुनीता