टीव्हीने दाखवलेला वारस आणि मी ठरवलेला

मी, भिकुबाई झुलाल बागुल, वय चौऱ्याहत्तर, शिक्षण तिसरी, राहणार देवपूर, धुळे, आज पूर्ण शुद्धीत आणि भलत्याच आनंदात हे मृत्युपत्र करते. अक्षर नात हेमांगीचं, शब्द माझे. माझ्यावर कोणी जबरदस्ती केलेली नाही. तशी करणारा अजून जन्माला यायचा आहे.

एक. देवपूरचं दोन खोल्यांचं घर आणि गच्चीवरची पाण्याची टाकी मुलगा दीपक याला. टाकी गळते, ते गळणंही त्यालाच.

दोन. पोत आणि पाटल्या सुनेला. बँकेतली ठेव हेमांगीच्या शिक्षणाला.

तीन. ह्यांचा सॅक्सोफोन. एवढा खटाटोप याच्यासाठीच, म्हणून जरा लांबण लागेल.

आमचे हे लग्नाच्या बँडमध्ये वाजवायचे. शिकले भुसावळला, रेल्वेतल्या एका गोवेकर गार्डाकडे. तो जॅझ वाजवायचा. मागच्या वर्षी टीव्हीवाले आले, आपल्या देशातल्या जॅझवर फिल्म काढत होते. दोन दिवस राहिले, माझ्या हातच्या कळण्याच्या भाकरी खाल्ल्या. तासाभराच्या फिल्ममध्ये आम्ही आलो चार मिनिटं.

हेमांगीने विचारलं, "आजी, जॅझला न्याय दिला का गं यांनी?"

अर्धा दिला. त्यातला सांगणारा म्हणाला, जॅझमध्ये ठरलेलं संपलं तरी वाजवणारा जागच्या जागी चाल वाढवत नेतो. ऐकून मी टाळ्याच वाजवल्या. नवरदेवाचे मामा नाचायचे थांबेपर्यंत हे एकच गाणं पाऊण तास वाढवायचे, आणि मी चाळीस वर्षं समजत होते की ह्यांना पुढचं येत नाही.

पण राहिलेला अर्धा? कोणी वाजवायला लागलं की लगेच दुसरा बोलायला लागतो. मंगलाष्टकं चालू असताना आचाऱ्याला हाका मारतात, तसं. ह्यांचा शागीर्द तोताराम टीव्हीवाल्यांसमोर अर्धा तास वाजवत होता; दिसला नऊ सेकंद, नावाशिवाय. आणि दीपकच्या हातात सॅक्सोफोन देऊन त्याला गाल फुगवायला लावले, खाली लिहिलं 'वारस'. दीपकला शिट्टीसुद्धा वाजवता येत नाही. गल्लीने त्याला फेटा बांधला, त्याने बांधून घेतला. आता सॅक्सोफोनला काचेची पेटी करू म्हणतो.

"आई, इतिहास आहे तो."

"काचेत मिठाई ठेवतात, बाबा."

वारस नेमायला मृत्युपत्र लागतं आणि दोन साक्षीदार लागतात. टीव्हीकडे दोन्ही नव्हतं.

चार. तोतारामवरचा राग. हे गेले त्या दिवशी तोताराम पारोळ्याला एका लग्नात वाजवत होता. खांदा द्यायलाही आला नाही. सहा वर्षं मी त्याच्याशी बोलले नाही. रस्त्यात दिसला की मी समोरच्या दुकानात शिरायची. एकदा शिरले ते न्हाव्याच्या.

फिल्ममधून कापलेलं चित्रण टीव्हीच्या मुलीने हेमांगीला पाठवलं. त्यात तोताराम सांगतो: त्या सकाळी तो ह्यांना बघायला घरी आला होता. मी औषध आणायला गेलेली. लग्नाची सुपारी ह्यांनीच घेतलेली होती. हे त्याला म्हणाले, "नवरदेव पारवर उभा शे, बठ्ठा वाट देखी राह्यनात. तू जाय." लग्न खोळंबू नये म्हणून ह्यांचाच सॅक्सोफोन घेऊन तो गेला, ह्यांच्या जागी उभं राहून त्याने वाजवला, आणि नंतर दीपककडे परत दिला.

मुलगी विचारते, "मग हे भिकुबाईंना सांगितलं का नाही?"

तोताराम म्हणतो, "अक्का बोलू देतील तवा ना!"

मग तो वाजवतो. मध्ये कोणी बोलत नाही. एवढं सगळं कापलं आणि दीपकचे गाल ठेवले.

तरी सॅक्सोफोन, त्याची पेटी आणि पेटीतल्या, फुंकायच्या तोंडाशी लावायच्या सुट्या पट्ट्या तोताराम याला देते. दीपकने हरकत घेऊ नये. फेटा त्याच्याकडेच राहू द्यावा. चार क्रमांकाचा राग आजपासून रद्द. तो कोणालाही वारशाने जाणार नाही.

तोतारामलाच साक्षीदार करणार होते. वकीलसाहेब म्हणाले, ज्याला मिळणार त्याची सही नको. म्हणून तो बाहेर ओट्यावर बसला आहे. कशाला बोलावलं, त्याला माहीत नाही. हे वाचून घेतलं, बरोबर आहे. सही झाली की चहा घेऊन मीच बाहेर जाणार. आधी त्याला बोलू देणार आहे.

सही: भिकुबाई झुलाल बागुल (स्वतःच्या हाताने)

साक्षीदार:
१. छगन भिकन महाले, शेजारी
२. मयुरी सुरेशचंद जैन, समोरच्या किराणा दुकानाच्या मालकीण

ठिकाण: धुळे
दिनांक: ९ फेब्रुवारी २०२५