सहा चिठ्ठ्या आणि एक मेणबत्ती

सोमवार, ६ तारीख
मोठ्या बाईंनी ऑफिसात बोलावलं. म्हणाल्या, सर, आठवीत तुमच्या विज्ञानाच्या तासाला एक मूल तोंड उघडत नाही. शुक्रवारी मी मागे येऊन बसणार. तेव्हाही असंच दिसलं तर आठवी नव्या मॅडमना, तुम्ही स्टोअररूम सांभाळा. मी म्हटलं, मुलं विचार करत असतात. त्या म्हणाल्या, बावीस वर्षं?
संकल्प: हसून शिकवणे. प्रश्न विचारेल त्याला स्टिकर.

मंगळवार, ७
हसलो. पहिल्या बाकावरून, सर, बरं नाही का? प्रश्नच तो, दिला स्टिकर. मग सगळ्यांनी एकामागोमाग विचारलं, पाणी प्यायला जाऊ का? अठरा स्टिकर संपले. वर्ग रिकामा.

बुधवार, ८
नवा प्लॅन. मेणबत्तीचा प्रयोग: ताटलीत पाणी, मधोमध मेणबत्ती, वर ग्लास. सहा मुलांना नंबर घातलेल्या सहा चिठ्ठ्या, प्रत्येकीवर एक प्रश्न. त्यांनी ओळीने विचारायचं, मी ओळीने सांगायचं. उत्तरं घोकली. बायको म्हणाली, त्यांना हवं ते विचारू द्या की. तिला यातलं काय कळतंय.

गुरुवार, ९
तालीम झक्कास. मागच्या बाकावरच्या चष्मेवालीने मध्येच विचारलं, ज्योत विझल्यावरच पाणी एकदम वर का चढतं? तिच्याकडे चिठ्ठी नव्हती. खाली बसवली.

शुक्रवार, १०. दुपारी
दोन नंबरवाला आला नाही. कांजिण्या. मला पत्ताच नाही. तिसऱ्याने विचारलं, ज्योत का विझली? मी घोकलेलं दोन नंबरचं उत्तर दिलं: मेणाची वाफ जळते म्हणून. चौथ्याने विचारलं, काचेवर पाण्याचे थेंब कुठून आले? ऑक्सिजन कमी पडला म्हणून. थांबता येईना. चष्मेवाली उभी राहिली. सर, उत्तरं एक नंबर मागे आहेत.
मोठ्या बाईंनी वहीत काहीतरी लिहिलं. सहभागाबद्दल असावं.

सोमवार, १३
स्टोअररूम. परीक्षानळ्या ब्याऐंशी, फुटक्या एकोणीस. काही वाटत नाही. भिंतीपलीकडे आठवी, नुसता कालवा. नव्या मॅडमना वर्ग आवरत नाही, तक्रार करायला हवी.
मग चष्मेवालीचा आवाज. तोच प्रश्न, पाणी वर का चढतं. तो मी चिठ्ठ्यांत मुद्दामच घेतला नव्हता, मला कधी नीट कळलेलाच नाही. भिंतीला कान लावला.
मॅडम म्हणाल्या, मलाही नक्की माहीत नाही, पुन्हा करून बघू या.
बावीस वर्षांत हे वाक्य मला सुचलं नाही.
परीक्षानळ्या पुन्हा मोजल्या. ब्याऐंशीच.