जिचं बोलणं तुटेल

१० नोव्हेंबर
लाज गेली आज! आंबेनळी घाटात एसटीतून उतरून, घ्यायला खाली आलेल्या आईबरोबर वाडीची चढण चढत होते. करवंदीच्या जाळीपर्यंतच माझी बोलती बंद. "सरे, तुटलं तुझं. बस आता," म्हणत आई माझ्याआधीच दगडावर टेकली.

तिचा जुना नियम — ही चढण गप्पा मारत चढायची. जिचं बोलणं तुटेल तिच्यासाठी सगळ्यांनी बसायचं. लहानपणी मी वरपर्यंत अखंड बडबडायचे. आई हात जोडायची, "गप गो बाय!" काय दिवस होते. एमआयडीसीतल्या ऑफिसच्या खुर्चीनं सगळं खाल्लं.

१२ नोव्हेंबर
डॉक्टर अनुपमा म्हणाल्या, आजार नाही, सवय मोडलीय. रोज चाला — बोलता येईल इतक्याच वेगानं. हा तर आईचाच नियम! हसूच आलं.

ठरलं. पुढच्या खेपेला आईला माझ्यासाठी बसावं लागणार नाही.

२० नोव्हेंबर
चवदार तळ्याभोवती फेऱ्या. धापा. पायांत गोळे. कुणी सांगितलं होतं!

५ जानेवारी
आता फेऱ्या मारतानाही गाणं गुणगुणता येतं. डॉक्टरांना विचारलं, फुप्फुसं मोठी झाली का? "छे हो! ती तेवढीच. श्वास ओढणारे स्नायू बळकट होतात, श्वास खोल जातो. पायही मिळालेला प्राणवायू नीट वापरायला शिकतात."

म्हणजे आहे तेवढ्यात भागवायचं. चुलीपुढची आई आठवली. फार आठवली.

१ फेब्रुवारी
उद्या वाडीला. आईला फोनवर सगळं रंगवून सांगितलं. ती नुसतं "ये, ये" म्हणाली. रागावली की काय?

२ फेब्रुवारी
जमलं! करवंदीची जाळी मागे पडली तरी मी बोलतेच आहे. मागून आई एकदाच म्हणाली, "तू बोल गो." फुशारकीत मी बोलत सुटले. मग जाणवलं, मागून हूं की चूं नाही. वळले. आई झाडाला धरून उभी, तोंडाला पदर, खांदे वरखाली. मागच्या खेपेलाही माझ्या निमित्तानं तीच बसली होती!

मी दगडावर टेकले. "आई, माझं तुटलं गो."

ती शेजारी बसली. बऱ्याच वेळानं शब्द फुटले, "बस... मला काय घाई नाय."