आमच्या भिंतीला लागून सत्तावीस फूट

अमरावती,
राजकमल चौकामागची गल्ली,
सोमवार

आदरणीय भाऊजी,

तुम्हाला आणि अक्काला धर्मपालचा सविनय जयभीम. अक्काचा गुडघा आता जिना चढू देतो का? तुमची साखर कशी आहे? (जमुना म्हणते, अकोल्याच्या उन्हात साखरसुद्धा विरघळते, म्हणून काळजी नको. तिचं वैद्यकीय ज्ञान तुम्हाला माहीतच आहे.) आम्ही दोघं इकडे ठणठणीत आहोत. न्हाणीघराला मागची भिंत नाही, एवढं सोडलं तर सगळं जागच्या जागी आहे.

फोन असताना पत्र कशाला, असं तुम्ही म्हणाल. एक तर चौतीस वर्षं टपाल खात्यात काढलेला माणूस मी. दुसरं म्हणजे फोनवर तुम्ही दुसऱ्याच मिनिटाला "धर्मपाल, मुद्दा सांग" म्हणता. पाटबंधारे खात्यात कार्यकारी अभियंता राहिलेल्या माणसाला ते शोभतंही. पण मी सांगतोय त्या गोष्टीचा मुद्दा वेळ घेतो, आणि पत्र मध्येच कापता येत नाही.

आमच्या घरामागची कापसाची जुनी जिनिंग तुम्हाला आठवत असेल. ती पाडली. तिथे आता चौदा मजले उभे राहणार आहेत, आणि जमिनीखाली गाड्या ठेवायला आणखी दोन. म्हणजे वर चढण्याआधी खाली सत्तावीस फूट उतरायचं, तेही आमच्या कंपाउंडच्या भिंतीला जवळजवळ लागून. दिवाळी झाली आणि पोकलेन आलं. पहिल्या घावाला आमच्या मांडणीवरचे पेले नाचायला लागले, दुसऱ्या घावाला जमुना माझ्यावर ओरडली (पोकलेनवर ओरडून उपयोग नसतो), आणि तिसऱ्या घावाला मी चपला घालून भांडायला निघालो.

भाऊजी, मी जाडजूड सोनसाखळीवाल्या ठेकेदाराशी भांडायच्या तयारीने गेलो होतो. त्याच्याऐवजी भेटली सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांची मुलगी. डोक्यावर पांढरं हेल्मेट, गुडघ्यापर्यंत काळी माती, उभ्या उभ्या भाकर आणि ठेचा खाऊन राहिली होती. नाव आचल. गाव परतवाडा. वडिलांची संत्र्याची बाग आहे आणि ही त्या सगळ्या खड्ड्याची साइट इंजिनीअर. मी आवाज चढवून म्हटलं, तुमच्या मशीनने आमच्या भिंतीला तडा गेला. ती घास गिळून सरळ माझ्यासोबत आली, टॉर्च लावून तड्यात पाहिलं आणि म्हणाली, "काका, या तड्यात तीन दिवाळ्यांचा चुना दिसून राहिला मले. आमचं मशीन तर परवा आलं."

मी म्हटलं, असेल, पण वाढला. तर ती म्हणाली, "वाढला का नाही, हे आता आपण दोघंही पाहू." आणि तिने तड्यावर आडव्या तीन काचेच्या पट्ट्या सिमेंटने चिकटवल्या. प्रत्येकीखाली तारीख लिहिली. तडा हलला तर काच फुटणार. "तुमी घरीच असता काका, सकाळ-संध्याकाळ नजर ठेवा." असं सांगून गेली. मी भांडायला गेलो होतो आणि परत आलो तो सरकारने नेमणूक केल्यासारखा. त्याच वेळी तिने आणखी एक विचारलं होतं, तुमच्या न्हाणीचं पाणी जमिनीतून कुठून जातं, बघू का? मी ठणकावून सांगितलं, आमच्या न्हाणीपर्यंत कोणी यायचं नाही. (हे वाक्य मला पुढे फार महाग पडलं.)

दुसऱ्या दिवसापासून मी भिंतीजवळ स्टूल टाकून बसायला लागलो. भाऊजी, तुम्ही धरणं बांधली, तुम्हाला याचं काय कौतुक असणार! पण मी तीस वर्षं ज्या जमिनीवर झोपलो तिच्या पोटात काय आहे ते मला ठाऊकच नव्हतं. आधी आठ फूट काळी माती. पाणी पिऊन फुगणारी आणि उन्हात भेगाळणारी, आपल्या ओळखीची. मग पिवळट चिकण थर, मग मुरूम, आणि सर्वांत खाली काळा पाषाण, ज्यावर ब्रेकर दिवसभर धडधडत राहतो आणि संध्याकाळी टोपलीभर तुकडे पडलेले दिसतात. आचल प्रत्येक थरात उतरायची. मूठभर माती चोळायची, नखाने खरवडायची, वहीत लिहायची. एकदा वरून आदेश आला म्हणे, इथेच थांबा, पुरे झालं. हिने खाली पहारीचा एक ठोका मारला, आवाज ऐकला आणि म्हणाली, "याच्याखाली पोकळ हाये. मी इथं बिल्डिंग ठेवत नाही." आणखी चार फूट खोदलं तर खरंच मऊ मुरमाचा पट्टा निघाला. मी स्टुलावरून टाळी वाजवली. त्या टाळीत माझी एक चप्पल खड्ड्यात गेली. पोकलेनवाला गोपाल बडनेऱ्याचा आहे. त्याने ते एवढं धूड वळवलं, अजस्र दातांवर माझी चप्पल अलगद घेतली आणि भिंतीवरून माझ्या पुढ्यात ठेवली, जणू ताटात जिलबी वाढून राहिला आहे. जमुनाने हे पाहिलं आणि म्हणाली, चाळीस वर्षांत तुम्ही मला एक कप असा नीट आणून दिला नाही.

पण मग पाणी दिसलं. आमच्या भिंतीखालचा कोपरा ओला व्हायला लागला. आधी घाम फुटल्यासारखा, मग चक्क पाझर. आचलने पुन्हा येऊन न्हाणीचं विचारलं. मी पुन्हा नाही म्हटलं आणि वर अख्ख्या गल्लीला सांगत सुटलो की खोदताना यांनी नळाची मोठी पाइपलाइन फोडली आणि आता लपवून राहिले आहेत. दहा दिवस मी हे सांगितलं. शेजारचे खुशालराव तर रोज चहाला येऊन माझ्याकडून हे नव्याने ऐकायचे. आचलने त्या बाजूला टेकू द्यायला लोखंडी गर्डर मागवले. ते बुधवारी यायचे होते.

मंगळवारी दुपारी तीनच्या सुमारास मी भिंतीजवळ दाढी करत होतो (उजेड तिथेच चांगला). टिक्, असा बारीक आवाज झाला. पाहतो तर मधली काच दुभंगलेली. मी बघतोय तोवर खालचीही गेली. भाऊजी, मी वर कसा चढलो ते आठवत नाही. मी स्टुलावर उभा, अर्ध्या गालाला फेस, हातात वस्तरा, आणि ओरडतोय, "आचल! काच फुटली! दोन फुटल्या!" खाली त्या ओल्या कोपऱ्यात सात माणसं पाण्यासाठी चर काढत होती. दुसरी कोणी असती तर आधी वर येऊन काच पाहिली असती. या पोरीने एक क्षण माझ्याकडे पाहिलं आणि शिट्टी फुंकली. "सोडा सगळं! घमेलं राहू द्या! वर या, वर!" एक जण फावडं घ्यायला वळला तर तिने त्याच्या कॉलरला धरून ओढला. सातही जण दुसऱ्या बाजूच्या उतारावर पोचले तेव्हा तिने मोठ्याने मोजलं. सहापर्यंत आली आणि थांबली. सातवा गोपालच्या केबिनमागे उभा होता. तो दिसला तेव्हा तिने "सात" म्हटलं, आणि मगच ती स्वतः हलली. मग माझ्याकडे वळून ओरडली, "काका, काकूले घेऊन रस्त्यावर जा!"

मी जमुनेला कणकेच्या हातांनिशी बाहेर काढली. आम्ही रस्त्यावर पोचतो न पोचतो तो मागे असा आवाज झाला, जसा एखादा हत्ती सुस्कारा टाकून खाली बसला. आमची भिंत, कढीपत्त्याचं झाड, धुण्याचा दगड आणि न्हाणीघराची मागची बाजू, सगळं सत्तावीस फूट खाली. त्या सात जणांचा चर त्या मातीत कुठे होता हे ओळखूही येत नव्हतं. कोणाला खरचटलंदेखील नाही. मी मात्र रस्त्यावर अर्धी दाढी घेऊन उभा होतो.

आणि एवढं होऊनही माझी अक्कल पाहा. मी सगळ्यांदेखत म्हटलं, बघा, यांच्या फुटलेल्या पाइपचा प्रताप! आचल शांतपणे म्हणाली, "काका, आता तरी न्हाणी पाहू द्या." किराणा दुकानातून निळीची बाटली आणली, आमच्या न्हाणीच्या मोरीत ओतली आणि वर दोन बादल्या पाणी. गल्ली खड्ड्याच्या काठाला, दोरीच्या अलीकडे, दाटून उभी. पाच मिनिटं झाली, दहा झाली. मी छाती फुगवायला लागलो. आणि बाराव्या मिनिटाला पडलेल्या मातीतून निळी धार निघाली, सुंदर, स्वच्छ, वळणदार. भाऊजी, हा रंग मी आयुष्यभर अभिमानाने खांद्यावर घेतला. पहिल्यांदाच त्याने माझ्याविरुद्ध साक्ष दिली. खुशालराव हळूच म्हणाले, "पाइप तं तुमचाच निघाला बाप्पा."

आता सांगतो मला काय लागलं ते. ती हसली नाही. ऐकवलं नाही. मी मान खाली घालून उभा होतो. ती म्हणाली, "काका, पाइप जुना होता, फुटला. पण काच तुमी पाहून राहिले होते म्हणून माह्ये सात माणसं वाचले. ते मी विसरत नाही." त्या सात जणांचा जीव माझ्याच पाण्याने धोक्यात आला होता, हे तिला आणि मला दोघांनाही ठाऊक होतं. मी आत जाऊन उरलेली अर्धी दाढी केली, दुसरं काय करणार. आणि रडलो थोडा. (हे अक्काला सांगू नका.)

पुढच्या आठ दिवसांत तिने ती बाजू लोखंडी गर्डर आणि वाळूच्या पोत्यांनी अशी धरली की मुंगी घसरणार नाही. आमचा पाइप आधी बदलून दिला, खड्ड्याचं काम नंतर. आणि काल पायाचं काँक्रीट झालं. खाली सळयांची चार फूट जाड जाळी, इतकी दाट की हातातून पडलेला रुमाल तळाशी पोचला नसता. सकाळी सहापासून मिक्सरच्या गाड्या चौकापर्यंत रांगेत. आचल जाळीवरून चालत होती आणि दर गाडीतलं काँक्रीट हातात घेऊन पाहत होती. एक गाडी तिने परत पाठवली. ड्रायव्हर भांडला, वरच्यांचे फोन आले, ती म्हणाली, "पातळ हाये. घेत नाही." बस. दुपारी जमुना सगळ्यांसाठी पोळ्या घेऊन स्वतः उतरली आणि आचलला समोर बसवून जेवायला लावलं. पोरगी दुसऱ्या पोळीलाच बसल्या बसल्या डुलकी घेऊन राहिली होती. चौदा मजले हिच्या भरवशावर उभे राहणार आहेत, आणि मला त्यात काही धोका वाटत नाही.

अक्काला आमचा जयभीम. मुलांना आशीर्वाद.

आपला,
धर्मपाल

ता. क. एक गोष्ट राहिली. पहिल्या आठवड्यात, रागाच्या भरात, मी महापालिकेच्या कार्यालयात एक अर्ज दिला होता की हे खोदकाम अशास्त्रीय असून बाजू ढासळण्याचा धोका आहे. तेव्हा कोणी लक्ष दिलं नाही. आता बाजू खरंच ढासळल्यामुळे तो अर्ज फार विद्वान ठरला आहे. येत्या शुक्रवारी अकरा वाजता सुनावणी आहे, आणि सगळं आचलवर शेकणार. अर्जाला वजन यावं म्हणून अभियंत्याचं नाव लागत होतं. आपल्या घरात अभियंता एकच, म्हणून जागा तुम्हीच तपासल्याचं त्यात लिहिलं. तेव्हा तुमच्या नावाने नोटीस येईल, दचकू नका. सकाळच्या गाडीने बडनेऱ्याला उतरा, मी घ्यायला येतो. आणि साहेबांसमोर एवढंच सांगा की तुम्ही जागा पुन्हा तपासली आणि मुलीचं काम अव्वल आहे. यात एक अक्षरही खोटं नाही.

ता. क. दुसरा. रागावला असाल तर एवढंच लक्षात घ्या, की तो फुटका पाइप पंचाण्णव साली तुमच्याच नकाशाप्रमाणे टाकला होता. तो नकाशा माझ्याकडे अजून आहे, आणि मी तो कोणालाही दाखवलेला नाही. खाली तुमची सुरेख सही आहे. अर्जावर करायची म्हणून मी ती त्यावरूनच दोन दिवस गिरवली.