पोट भरल्याचा निरोप

खारघर, रविवार

सुंदरा, तुला आक्काचा जयभीम आणि पोरांना पापे.

मी बरी आहे. फोनवर मोकळं बोलता येत नाही. सून फोन लावून देते आणि स्पीकरवर टाकून शेजारीच बसते. म्हणून हे पत्र.

बीपी थोडं वाढलंय, म्हणून अभयनं मला नव्या डॉक्टरकडे नेलं. त्यानं उपाशीपोटी रक्त काढलं, नाश्ता करायला लावला आणि परत काढलं. म्हणे भूक लावणारं एक हार्मोन असतं आणि पोट भरल्याचा निरोप देणारं दुसरं. जाड माणसाच्या मेंदूला तो निरोप नीट पोचत नाही. मग वजन वाढतं आणि बीपीही.

मला वाटतं, सुनेनंच त्या डॉक्टरला पढवलंय. लोणच्याची बरणी तिनं आधीच माळ्यावर टाकली होती. आणि कुणाला सांगू नको, उपाशीपोटी म्हणाले तरी मी दोन बिस्किटं खाऊन गेले होते.

पण एक संशय जात नाही. भावांना पुरावं म्हणून आपण दोघी अर्ध्या भाकरीवर "पोट भरलं" म्हणून उठायचो. इतकी वर्षं खोटं ऐकून मेंदूनं आता ऐकणंच सोडलं असेल का?

तुझे पाय अजून सुजतात का? बीपी मोजून घे, टाळू नको.

आणि खरं सांग, पोट भरलं की तुला आतून कळतं? मला आठवतच नाही.

उत्तर पत्रानंच दे.

तुझीच,
आक्का