बिस्किटांचा वास असलेल्या कॅसेटी

७ जानेवारी

ती. आजीस,
सा. न. वि. वि.

खोकी तुझ्याकडे पोचली असतील. त्यांत माझा सगळा जीव आहे. नव्वदच्या दशकातल्या मारधाडीच्या सिनेमांच्या व्हिडिओ कॅसेटी, मी शाळेत असल्यापासून जमवलेल्या. तुझी नातसून म्हणाली की या घरात एक तर खोकी राहतील नाहीतर ती, म्हणून तुझ्या मागच्या खोलीत पाठवल्या.

पुढच्या महिन्यात अस्सल कॅसेट संग्राहक मंडळाचे अध्यक्ष त्या तपासायला तुझ्याकडे येतील. त्यांच्या पसंतीला उतरल्या तर मला मंडळात घेतील. आजी, ऑफिसात मला हसतात. सासरे मला गोदामवाले म्हणतात. या मंडळात शिरलो तर निदान चार माणसांत मान वर करून बसेन. फार वर्षं त्यांनी मला दाराबाहेर ताटकळत ठेवलंय.

दमट हवेपासून जप. बुरशी येऊ देऊ नकोस. बाकी तुला काय सांगायचं.

तुझा,
खारू


१५ जानेवारी

चि. खारूस,
आजीचे अ. उ. आ.

पत्र मिळालं. फोन करत नाहीस ते बरं करतोस, फोनवर मला नुसती डास गुणगुणल्यासारखी गुणगुण ऐकू येते. पत्र कसं, चष्मा लावला की हवं तितक्यांदा ऐकता येतं.

खोकी आली. गाडीवाला जिना चढून दमला, त्याला पाणी दिलं तर तो बसलाच. त्याच्या मेव्हण्याचं लग्न मोडलंय म्हणे, मुलीकडच्यांना त्याचं घोरणं आधीच कळलं. कसं कळलं ते मी विचारलं नाही. असो. तर काय सांगत होते, बुरशी. मी पहिलं खोकं उघडलं आणि कपाळावर हातच मारला. अरे, एकेक कॅसेट प्लास्टिकात गच्च आवळलेली! प्लास्टिकात वस्तूला घाम सुटतो, एवढं तुला कळू नये? तुझ्या आजोबांचे चांगले बूट असेच गेले. मी लगेच भाजीची सुरी घेऊन बसले. शेजारची पाकीटवाली, कारखान्याची बिस्किटं घरी पाकिटांत भरून देते ना ती, तीही धावून आली. दोघींनी मिळून मटार सोलावेत तशा सगळ्या सोलल्या. खाटेवर पसरल्या, खिडकी उघडली, छान वारा दिला. तू अगदी निश्चिंत राहा.

आता वरून बरं दिसतं ते आतून बरं असतंच असं नाही, माझ्या विहीणबाईंकडेच बघ. म्हणून आजोबांच्या व्हीसीआरवर एकेक लावून तपासतोय. काय रे ती माणसं! पेन्शनीला एक दिवस उरलेला पोलीस, ऑफिसच्या किल्ल्या द्यायला जातो आणि नेमका त्याच दिवशी पूल उडतो. मला सांग, ही माणसं त्या दिवशी रजा का टाकत नाहीत? दुसरा एक क्रेनला एका हाताने लोंबकळतो आणि दुसऱ्या हाताने फोनवर बायकोची समजूत काढतो. पाकीटवाली म्हणाली की आमच्या ह्यांनी एखादी नोकरी तरी इतकी घट्ट धरायची होती. आणि गोळ्या! शेकडो सुटतात आणि एक लागत नाही. शत्रूकडच्यांना बंदूक शिकवणाऱ्याला आधी धरायला हवं. आम्ही दोघी हसून हसून बेजार.

तुझ्या वस्तूंचं मी असं लेकरासारखं करतेय. माया आहेच, ती पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी आजी


२० जानेवारी

ती. आजीस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र जिन्यात उघडलं आणि तिथेच पायरीवर बसलो. शेजाऱ्यांना वाटलं कोणीतरी गेलं.

आजी, ते प्लास्टिक म्हणजेच संग्रह! आत काय आहे याला मंडळात कोणी विचारत नाही. वेष्टन गेलं की कॅसेट गेली. अध्यक्षांनी आजवर स्वतःची एकही उघडलेली नाही, त्यावर तर ते अध्यक्ष आहेत. मी तरी कुठे एकही पाहिलीय? लहानपणी परीक्षा होती म्हणून पाहिली नाही आणि मोठेपणी वेष्टन होतं म्हणून.

माझं सगळं संपलं. निदान अध्यक्ष आले तर तू आजारी आहेस असं सांगून दारातूनच परत पाठव. पुन्हा लोक मला हसतील तेव्हा मी काय करणार आहे ते माझं मलाच माहीत नाही.

खारू


२६ जानेवारी

चि. खारूस,
अ. उ. आ.

रडू नको बाळा. तू लहानपणी भोवरा हरवल्यावरही असंच रडायचास.

तुझं पत्र मी पाकीटवालीला वाचून दाखवलं. ती म्हणाली एवढंच ना? तिच्या टेबलावर गरम हवेचं यंत्र आहे. बिस्किटांचा पुडा सैल पिशवीत घालायचा, यंत्राखाली धरायचा, की प्लास्टिक आकसून त्याच्या अंगाला कातडीसारखं चिकटतं. आम्ही तुझ्या सगळ्या कॅसेटींना तसंच केलं. खरं सांगू, तुझ्या त्या कंपनीच्या प्लास्टिकला कोपऱ्याकोपऱ्यात चुण्या होत्या. हिचं बघ, नव्या नवरीसारखं. जरासा बिस्किटांचा वास लागलाय, पण तो काही वाईट वास नव्हे.

पण एक बजावून ठेवते. आजारी आहे असं मी सांगणार नाही. मी ठणठणीत आहे आणि उगाच दृष्ट लावून घ्यायची मला हौस नाही. कॅसेटी उघडल्या होत्या का, असं त्यांनी विचारलं तर हो म्हणेन. नाही विचारलं तर मी काय दवंडी पिटत फिरू?

जेवत जा. बायकोशी भांडू नकोस, तिचंही घर आहे.

तुझी आजी


१० फेब्रुवारी

चि. खारूस,
अ. उ. आ.

तुझे अध्यक्ष येऊन गेले. बारीक, उंच, अंगावर एवढी इस्त्री की बसताना कुठून दुमडतील अशी मला काळजी. पांढरे हातमोजे घातले, खिशातून भिंग काढलं, आणि पहिली कॅसेट अशी उचलली की मला वाटलं आता तिला काजळ घालतात की काय. उजेडाला धरली. कोपरे पाहिले. कोपरे पाहून म्हणाले की असे कोपरे आता होणे नाही.

मग त्यांनी तिला नाक लावलं. मी पाकीटवालीकडे पाहिलं. डोळे मिटून उभेच राहिले, बराच वेळ. नंतर हळूच मला समजावून सांगितलं की मूळ कारखान्याच्या डिंकाला असा गोडसर दरवळ असायचा, नकली मालाला तो कधी येत नाही, आणि इतका स्वच्छ दरवळ त्यांनी स्वतःच्या संग्रहातसुद्धा अनुभवलेला नाही. मी म्हटलं, असेल बुवा. पाकीटवाली उठून स्वयंपाकघरात पळाली आणि तिथून पातेलं पडल्याचा आवाज आला.

त्यांनी ऊन विचारलं, उंदीर विचारले, भिंतीला ओल येते का विचारलं. उघडल्यात का, एवढंच विचारलं नाही. मी तर उत्तर जिभेवर घेऊन बसले होते रे. सहज म्हणून विचारलं की तुम्हाला कुठली मारामारी सगळ्यात आवडते? तर कानापर्यंत लाल झाले आणि म्हणाले की आपण त्या बाजूला कधी गेलो नाही. जाताना त्यांचं भिंग इथेच राहिलंय.

मला माणूस वाईट वाटला नाही. उपाशी वाटला. चहाला मात्र नाही म्हणाले.

तुझी आजी


२ मार्च

ती. आजीस,
सा. न. वि. वि.

घेतलं मला मंडळात! टाळ्या झाल्या, बिल्ला मिळाला. अध्यक्षांनी माझ्या कॅसेटींच्या दरवळावर भाषण केलं. यापुढे अस्सलपणाची पहिली कसोटी वास, असा ठरावच झाला, आणि वास-समितीवर माझीच नेमणूक.

तुला हे आनंदात लिहायला हवं होतं. पण माझ्याबरोबर मंडळात शिरायला आलेले एक दातांचे डॉक्टर होते. म्हातारा सज्जन माणूस. त्यांच्या कॅसेटी खरोखरच बंद, दुकानातून आणल्या तशा कपाटात ठेवलेल्या. अध्यक्षांनी एकेक हुंगली, मान हलवली आणि सगळ्या नकली ठरवल्या. डॉक्टरांनी त्या पुन्हा पिशवीत भरल्या. पिशवी छातीशी धरून व्हरांड्यात उभे राहिले. अगदी माझ्यासारखे, इतकी वर्षं मी उभा होतो तसे. आणि आत सगळे हसले, आजी. मीही थोडा हसलो.

खरं सांगितलं तर मला बाहेर काढतील. नाही सांगितलं तर ते बाहेरच राहतील. घशाखाली घास उतरत नाही. काय करू?

खारू


८ मार्च

चि. खारूस,
अ. उ. आ.

घास उतरत नाही हे वाचून मला बरं वाटलं. उतरला असता तर काळजी केली असती.

मी अडाणी बाई, मला ठराव कळत नाहीत. पण तू ज्या व्हरांड्यात उभा होतास तिथे दुसऱ्याला उभा करून तुझ्याने आत बसवणार नाही, एवढं मला तुझ्याबद्दल माहीत आहे. मला आधी वाटलं होतं की डॉक्टरांच्या कॅसेटींनाही आपण वास लावून देऊ. पाकीटवाली म्हणाली वास राहू दे, आधी त्या बिचाऱ्यांना एखादा सिनेमा तर दाखवा. तेव्हा शनिवारी दोघंही या. त्यांना त्यांची पिशवी आणायला सांग.

माझं इथे मजेत आहे. दर बुधवारी एक गृहस्थ सिनेमा बघायला येतात. पहिल्यांदा आले ते विसरलेली वस्तू न्यायला. आम्ही दोघी एक कॅसेट सोलून बसलो होतो, पडद्यावर पोस्टमनच्या हातात बॉम्ब होता. मला वाटलं आता आपलं काही खरं नाही. ते दारातच उभे, चेहरा पांढराफटक, आणि मग बारीक आवाजात विचारलं की कुठली तार कापायची? मी म्हटलं बसा, कळेल. बसले. त्यांच्या घरी व्हीसीआरच नाही, मोह नको म्हणून. नाव सांगणार नाही असं मी वचन दिलंय म्हणून सांगत नाही. चहाचा कपसुद्धा हातमोजे घालून धरतात, इतकंच.

शनिवारी वाट बघते. मायेला खंड पडू देऊ नकोस, आणि आलास की आधी जेव.

तुझी आजी


१७ मार्च

चि. सौ. नातसूनबाईस,
आजीचे अ. उ. आ.

तुझं पत्र आलं, वाचून गंमत वाटली. तू विचारतेस की खारूला तिथे काय केलंत, तो घरी आल्यापासून शीळ घालतोय. अगं, सांगते.

शनिवारी आला तो तोंड इतकंसं करून. मागे डॉक्टर, छातीशी पिशवी. खारू तुझ्या नवऱ्यासारखा दिसतच नव्हता, निकालाच्या दिवशीच्या पोरासारखा दिसत होता. म्हणाला, आजी, तुझ्या पत्रातलं बुधवारचं वगैरे मी घाईत वाचलं नाही, पण ठरवलंय. उद्याच्या सभेत सगळं सांगून टाकणार, मग काढू देत मला. मी म्हटलं उद्याचं उद्या, आज कुठली बघायची ते सांग. तर ज्या सिनेमाचं चित्र शाळेच्या रस्त्यावर लावलेलं असायचं आणि हा ज्याच्यासाठी रडायचा, तो निवडला. वाळवंट, विमान, आणि उघड्या दंडांचा वैमानिक. मी सुरी पुढे केली. नको म्हणाला. नखानेच काढलं गं त्याने प्लास्टिक.

आणि काय सांगू बाई, सिनेमा इतका टुकार! वैमानिकाचा केसांचा टोप वाऱ्याने सरकतो. तीच लाल गाडी तीनदा पेटते. खलनायक मरताना एवढं बोलतो की पाकीटवाली म्हणाली याला आधी झोपेचं औषध द्या. डॉक्टर म्हणाले वैमानिकाचे दात खोटे आहेत, आणि मग दर वेळी तो हसला की तेही हसायला लागले. खारू आधी पडद्याकडे नुसता बघत होता. मला धस्स झालं, म्हटलं इतकी वर्षं जपलेलं स्वप्न आणि हे असं. मग त्याच्या पोटातून एकदम हसू फुटलं. मी आणि तू ऐकलेलं नाही असं हसू. खुर्चीवरून घसरला खाली.

एवढ्यात दार वाजलं. बुधवारी वीज गेल्यामुळे ज्यांचा अर्धा सिनेमा राहिला होता ते गृहस्थ, न कळवता, बगलेत स्वतःच्या घरची कॅसेट घेऊन. आता तुला सांगायला हरकत नाही, सगळ्यांनी पाहिलंच. अध्यक्ष! खारू ताडकन उठला. डॉक्टर उठले. तिघं एकमेकांसमोर असे उभे की जणू तिघांनाही खिसा कापताना पकडलंय. खारूचं तोंड पांढरं पडलं, पण माझा नातू खरा गं, बोलायला लागला, की अध्यक्षमहाराज, मला तुम्हाला काही सांगायचंय, त्या वेष्टनांबद्दल. अध्यक्षांनी हात वर करून त्याला थांबवलं आणि विचारलं की ते नंतर, आधी विमान पडलं का ते सांगा.

मी म्हटलं अजून नाही. तेव्हा हातमोजे काढले, घडी करून खिशात घातले आणि दोघांच्या मधे बसले.

विमान पडल्यावर खारूने सगळं सांगितलं, बिस्किटांसकट. पडद्यावर नुसती नावं सरकत होती. अध्यक्ष उठले. सिनेमा बघता बघता काम करता यावं म्हणून पाकीटवालीने तिचं टेबल इकडेच आणलंय, डॉक्टरांची पिशवी त्याखाली ठेवली होती आणि बिस्किटांचा चुरा तिच्यावर सांडला होता. अध्यक्षांनी वाकून पिशवीला नाक लावलं, बराच वेळ लावलं, आणि डॉक्टरांकडे वळून अगदी सभेतल्या आवाजात म्हणाले की पहिल्या वेळी आपल्यालाच सर्दी झालेली असावी, दरवळ तर उत्तम आहे.

पुढच्या शनिवारी तूही ये. आजीवर जीव आहे तो असू दे, आणि येताना बसायला तुझी उशी आण, खुर्च्या आता पुरत नाहीत.

तुझी आजेसासू