दोघांच्या सह्या

३ जून
चिठ्ठ्या गेल्या! सुट्टीत झुरळांनी शाळेच्या प्रयोगशाळेतल्या तेवीस बाटल्यांवरच्या चिठ्ठ्या साफ खाल्ल्या. चूक माझीच — डिंक संपला म्हणून न्सिमाच्या, म्हणजे मक्याच्या, पिठाची खळ शिजवून चिकटवल्या होत्या. झुरळांना जेवायलाच बोलावलं म्हणा ना. आता फळीवर तेवीस बाटल्या, सगळ्यांत नितळ पाण्यासारखं काहीतरी. चिपेरोनीचं, इथल्या जूनच्या थंडीतलं, धुकं झडपांतून आत येतं, काचांवर बसतं. मी नुसती बघत बसले. खरं सांगायचं तर छान वाटलं.

४ जून
रसायनशास्त्राचे चिसाले सर म्हणाले, नियमाने बिननावाची बाटली फेकायची. पण परीक्षा तीन आठवड्यांवर, आणि ब्लँटायरहून माल येईल तेव्हा येईल. लिटमस आहे तो परीक्षेसाठी राखलेला. म्हणून दोघांनी हुंगायचं, पटलं तर नवी चिठ्ठी, खाली दोघांच्या सह्या. एकाचं नाक चुकेल, दोघांची कशी चुकतील?

५ जून
हे कुणालाच सांगितलेलं नाही. फेब्रुवारीतल्या तापापासून मला वास येत नाही. शेजारी उसिपा वाळत घालतात — त्या मासळीने गल्ली दणाणते — मला पत्ता नसतो. सरांना कळलं तर कामावरून जाईन. सोळा वर्षं झाली इथे. या काचांशिवाय मी करू काय?

८ जून
हुंगणं सुरू. बाटलीवर नाक न्यायचं नाही, हाताने वारा घालत वास जवळ घ्यायचा — मुलींना हे मीच शिकवते. सर डोळे मिटतात, मग माझ्याकडे बघत थांबतात. मी त्यांच्याकडे बघते. अमोनियाने डोळ्यांत पाणी येतं, तो सोपा. बाकी सगळं स्वप्नात चालल्यासारखं. मी म्हणते, पाणी असावं. ते म्हणतात, पाणीच. सही. सही.

९ जून
तेवीस झाल्या. फळी किती सुंदर दिसते!

१७ जून
आज सराव. चौथ्या फॉर्मची, शाळेच्या शेवटच्या वर्गातली तदाला — नर्स व्हायचंय तिला — पेटत्या बर्नरशेजारी 'पाणी' ओतायला गेली आणि थांबली.
"बाई, या पाण्याला आमच्या आजीच्या काचासूचा वास येतोय."
काचासू. हातभट्टीची दारू! म्हणजे बाटलीत स्पिरिट. ज्योत वीतभर अंतरावर. मी आधी गॅस बंद केला, मग बाटली काढून घेतली, मग बाकावर बसले. ती विचारत राहिली, माझं काही चुकलं का बाई? मी तिला जवळ घेतलं. तिच्या केसांचाही वास आला नाही. रडू आलं.

१८ जून
उद्या सरांना सांगणार. नोकरी गेली तर गेली.

१९ जून
सांगितलं. सरांनी झडप लावून घेतली. मग म्हणाले, "एनेलेसीबाई, मला तर सात वर्षं वास येत नाही. मी तुमच्या भरवशावर सही करत होतो."
आम्ही तेवीस बाटल्या खाली उतरवल्या. मग त्यांच्यामागच्या, सात वर्षांत सरांनी हुंगून सही केलेल्या, सगळ्याच.